ठराव एकमताने मंजूर

सरकारी शाळेतल्या बाईला वाईट बातमी सांगायला कोणी घरी येत नाही, फोनही करत नाही. ग्रुपवर पीडीएफ पडते आणि खाली जोडलेले दोन हात. पुष्पलता मॅडमना आपली शाळा बंद होणार हे असंच कळलं. सोमवार होता. परिपाठ संपून मुलं ओळीनं वर्गात शिरत होती, आणि चष्मा टेबलावर राहिला म्हणून मॅडम मोबाईल हातभर लांब धरून व्हरांड्यात वाचत उभ्या होत्या.

पत्र एका पानाचं. पटसंख्या फक्त एकसष्ट, सबब शाळेचं समायोजन रिंग रोडच्या पलीकडच्या शाळेत. रिकामी होणारी इमारत 'पाटीप्लस डिजिटल ज्ञानकेंद्रा'ला. कोणाची हरकत असेल तर गुरुवारी अकरा वाजता झोन ऑफिसात सुनावणी. इथवर मॅडमनी दातओठ खात का होईना, पण वाचलं. तीस वर्षं नोकरी काढलेल्या माणसाला समायोजन हा शब्द काही नवीन नाही. खालच्या ओळीनं मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सदर शाळेच्या व्यवस्थापन समितीने एकमताने ठराव मंजूर करून तशी मागणी केली आहे.' घ्या आता. कोंबडीनंच अर्ज दिला म्हणे, मले कापा.

सोबत ठरावाच्या पानाचा फोटो होता. वर्गात जाऊन चष्मा लावून मॅडमनी तो मोठा करून पाहिला. खाली बारा सह्या. पहिली अध्यक्षांची, म्हणजे चौथीतल्या मेघाच्या आईची, प्रीतीची. मग इतर पालकांच्या. मध्ये नातवंडाची पालक म्हणून म्हाताऱ्या तुळसाबाईंचा निळा अंगठा, थोडा फरफटलेला. शेवटी सचिव म्हणून खुद्द पुष्पलता मॅडमची सही आणि शाळेचा गोल शिक्का. एकही सही खोटी नव्हती. मजकूर तेवढा खोटा होता.

आता ही भानगड काय, ते सांगायला पाहिजे. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची समिती असते. दर महिन्याला तिची सभा, सभेचा ठराव वहीत, ठरावाखाली सह्या. कायदा लिहिणाऱ्याला वाटलं असेल की पालक भरदुपारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चेला येतील. अरे, ही वस्ती पाहिली का कधी? अर्धी घरं कोष्ट्यांची, त्यांचे माग कधीच विकले गेले, आता कोणी ऑटो चालवतं तर कोणी लग्नात पंगती वाढतं. अर्धी घरं बौद्धांची, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात, कोणी रेल्वेच्या ठेक्यावर, कोणी चार घरची धुणीभांडी करणारं. प्रीती पहाटे सहाच्या कंपनीच्या बसनं बुटीबोरीला जाते ती संध्याकाळी सहाला परत. एक दिवस सभेला बसली तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर महिन्याच्या हजेरीचा बोनसही जातो. गरिबानं लोकशाही चालवायची ती अशी, स्वतःच्या खर्चानं.

मॅडमना हे बघवेना. नऊ वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकेचा चार्ज आला तेव्हा त्यांनी साधा उपाय काढला. महिन्या-दोन महिन्यांनी संध्याकाळी वही काखेत मारून त्या स्वतःच दारोदार जायच्या. पुढची चार-पाच पानं कोरीच असायची. पान दुमडून फक्त सहीपुरती जागा उघडी ठेवायच्या, कणकेच्या हातानं कोणी सही करायचं, कोणी अंगठा उमटवायचं. खाली स्वतःची सही आणि शाळेचा शिक्का त्या आधीच मारून ठेवायच्या. मग शाळेत सवडीनं मॅडम वर लिहायच्या, गणवेश वाटप झालं, खिचडीचा तांदूळ तपासला, नळ दुरुस्त करायचं ठरलं. त्यात एक अक्षर खोटं नसायचं. सगळ्याच शाळांत असंच चालायचं, आणि तपासणीला येणारे साहेब तर आदल्या दिवशी फोन करून सांगायचे, मॅडम, वही पूर्ण करून ठेवा. पालकांचा मजुरीचा रोज वाचावा म्हणून केलेलं हे काम. चांगुलपणाच होता तो. पण चांगुलपणाला आंधळेपणा चिकटला की तो दुसऱ्याच्या कामाला येतो, हे मॅडमना सत्तावन्नाव्या वर्षी कळायचं होतं.

वही बाहेर गेली होती एकदाच. दिवाळीनंतर पाटीप्लसची माणसं आली होती, शाळेचं सगळं रेकॉर्ड स्कॅन करून डिजिटल करायचं म्हणून, वरून आदेशच होता. दोन दिवस दप्तर नेलं, तिसऱ्या दिवशी परत, आणि परत आलेल्या वहीची पानं मॅडमनी चाळलीही नाहीत. नेणारा भूपेश होता, म्हणून मॅडमनी पावतीसुद्धा मागितली नाही. भूपेश त्यांचाच विद्यार्थी, तिसरी ते पाचवी त्यांच्या हाताखाली शिकलेला. लहानपणी त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग मोडल्यासारखं. मॅडमनी रोज दुपारच्या सुट्टीत एक पान गिरवून घेत घेत ते वळणावर आणलं होतं, ळ ची गाठ गोल, र चा पाय लांब. आणि आता मोबाईलवर तो ठराव मोठा करकरून पाहताना तीच गाठ आणि तोच पाय त्यांच्यासमोर होता. इतकं सुंदर अक्षर, शिरोरेघ कुठं तुटलेली नाही. लिहिलं काय, तर ज्या शाळेत अक्षर शिकलो ती बंद करा.

संध्याकाळी त्या प्रीतीच्या घरी गेल्या. प्रीतीचं माहेर भिवापूरचं, आणि वस्तीत सगळे म्हणतात की तिकडची मिरची बाईच्या जिभेत उतरली आहे. पण पत्र ऐकून तिनं आधी हिशेब मांडला तो अंतराचा. शाळा गल्लीच्या टोकाला आहे म्हणून मेघा एकटी जाते, एकटी येते. रिंग रोड ओलांडून अडीच किलोमीटर ती कोणासंगं जाईल? ट्रक कसे धावतात तिथं. पाचवीनंतर पलीकडच्या शाळेत नाव घातलेल्या शेजारच्या दोन्ही मुली वर्षाच्या आत घरी बसल्या, रितिका आता भांडी घासते आणि दिपालीच्या लग्नाचं चाललंय. दूरची शाळा म्हणजे पोरगी घरी, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

मग एकदम तिचे डोळे चमकले. "पण मॅडम, मी अशी सही केलीच नाही. खोटी सही मारली न कोणी?"

इथं मॅडमनी सांगायला पाहिजे होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण समोरची बाई इतक्या विश्वासानं बघत होती की त्यांना ती दोन वाक्यं बोलवली नाहीत. पाहू, गुरुवारी पाहू, असं काहीतरी पुटपुटून त्या उठल्या. आणि प्रीती त्याच संध्याकाळी दहा घरं फिरली. आमच्या खोट्या सह्या मारल्या, गुरुवारी चला, तिथंच तोंडावर सांगू. रोज बुडवून यायला माणसं तयार झाली. हे दुसऱ्या दिवशी मॅडमच्या कानावर आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच चीड आली, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्या वर्धा रोडवर पाटीप्लसच्या ऑफिसात गेल्या. काचेची बिल्डिंग, चौथा मजला, आत गेल्यागेल्या थंडी वाजेल असा एसी. भूपेश धावत आला, वाकून पाया पडायला लागला. मॅडमनी पाय मागं घेतले. मोबाईलमधलं पान त्याच्यासमोर धरलं. पोरगा घाबरला, त्यांना जिन्यात घेऊन गेला.

"मॅडम, इंजिनिअरिंग करून तीन साल घरी बसलो होतो मी. भाऊंनी इथं लावलं. त्यांनी मजकूर देला, म्हणले चांगल्या अक्षरात उतरव. मी नसतं लिहिलं तं बाजूच्यानं लिहिलं असतं."

"बाजूच्याले मी शिकवलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

त्यावर तो रडकुंडीला आला, आणि मग लाजेखातर म्हणा की मन हलकं करायला म्हणा, त्यानं सगळं चऱ्हाट उलगडून सांगितलं. भाऊ म्हणजे गुणवंतभाऊ, या भागाचे पुढारी. पाटीप्लस कंपनी त्यांच्या जावयाची. मागच्या वर्षी भाऊंच्या शब्दावर तेवीस शाळांत टॅब वाटले गेले, अगदी फुकट. मॅडमच्या शाळेतही वीस आले होते, हार घालून, नारळ फोडून. फुकटात काय मिळतं ते आता समजलं. पोरांनी त्या टॅबवर टेकवलेलं एकेक बोट कंपनीकडं जमा होत होतं. त्या बोटांचा आलेख करून जावईबापू बाहेरच्या पैसेवाल्यांना दाखवत होते की बघा, आमच्याकडं इतके हजार विद्यार्थी. पैसेवाले म्हणाले, चांगलं आहे, पण तुमची केंद्रं कुठं आहेत? केंद्राला जागा लागते. भरवस्तीत मोक्याची जागा कोणाजवळ असते? सरकारी शाळेजवळ. शाळा रिकामी करून कोण देईल? भाऊ देतील. भाऊंना काय पाहिजे? निवडणुकीआधी कापायला एक फीत. शाळेची गरज नाही हे कशावरून? त्याच आलेखावरून. सासऱ्याचा हात जावयाच्या खिशात, जावयाचा यंत्रात, यंत्राचा पोरांच्या डोक्यात, आणि सगळे मिळून म्हणणार की शिक्षणात क्रांती झाली.

तो आलेख तरी काय! शिक्षकाविना शिकून मुलांची प्रगती एक्याण्णव टक्के. मॅडमना त्या क्षणी हसावं की जिन्यावरून उडी मारावी कळेना. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, चूक झालं की तोच प्रश्न पुन्हा विचारतं, आणि बरोबर आलं की हिरवी खूण. पोरांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं की प्रश्न वाचायची गरजच नाही. वरून खाली बोट मारत जायचं, तिसऱ्यापर्यंत हिरवं येतंच. मेघा तर डोळे मिटून करून दाखवायची. मॅडमनी हे कंपनीच्या माणसांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, एंगेजमेंट महत्त्वाची, म्हणजे मूल टॅबला किती वेळ चिकटलं ते. ज्या पोरीला भागाकार अजून नीट येत नाही, तिच्या बोटावर यांनी एक्याण्णव टक्के रचले आणि तिचीच शाळा उचलून नेली. आग लागो असल्या प्रगतीला.

बुधवारी भाऊ स्वतः शाळेत आले. पांढरी गाडी फाटकात, चार माणसं मागं. माणूस गोड, आवाज त्याहून गोड. ताई, ताई म्हणत त्यांनी आधी मॅडमच्या तब्येतीची चौकशी केली, मग सेवानिवृत्तीला दहाच महिने उरले हे त्यांनाच सांगितलं. ज्ञानकेंद्रात मार्गदर्शक म्हणून तुमच्यासारखं अनुभवी माणूस पाहिजे, एसी खोली आहे, मुलं सांभाळायची कटकट नाही. उद्घाटनाला तुमचा सत्कार ठेवला आहे. मॅडम म्हणाल्या, हा ठराव खोटा आहे. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मघाचा गोडवा तसाच होता, एक टक्काही कमी झाला नव्हता.

"ताई, ठराव खोटा म्हणाल तं सह्या खऱ्या निघतील. अन् सह्या खऱ्या, पान कोरं होतं म्हणाल, तं कोरं पान घेऊन नऊ साल गल्लीत कोण फिरून राह्यलं होतं, हेपण निघेल. मले तं वाईट वाटेल न जी. तुमच्या पेन्शनचा सवाल आहे."

गाडी गेल्यावर मॅडमनी भाऊंचा उष्टा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. सगळ्यात जास्त राग याचा, की तो माणूस चोर होता आणि बोलला ते खरं होतं.

घरी ईश्वरदास, त्यांचे यजमान, भाजी निवडत बसले होते. तरुणपणी हातमागावर बसलेला माणूस, आता गुडघे गेले. मॅडमनी सगळं सांगितलं. नोकरी वाचव, गप्प बस, असं काही तरी ते म्हणतील अशी मॅडमना धास्ती होती, आणि खोटं कशाला बोला, थोडी आशाही होती. पण ते दुसरंच बोलले. त्यांच्या विणकर सोसायटीतही सगळ्यांचे अंगठे असेच कोऱ्या कागदावर घेतले जायचे, सुताचा कोटा उचलायला सोपं पडावं म्हणून. मग एक दिवस त्याच अंगठ्यांवर सोसायटीची शेड विकली गेली. "आमच्या सेक्रेटरीले सगळं माहीत होतं वं," ते म्हणाले. "भला माणूस होता. बोलला नाही." एवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी सोडली.

गुरुवारी झोन ऑफिसचं सभागृह भरलं होतं. चाळीसेक पालक आले होते, रोज बुडवून, तुळसाबाई तर नातवाच्या सायकलवर मागं बसून. पुढच्या खुर्च्यांवर भाऊ आणि जावई. सुनावणी घेणारे साहेब मधोमध. भिंतीवर पडदा, आणि पडद्याजवळ लॅपटॉप घेऊन, मान खाली घालून भूपेश. आधी अर्धा तास आलेख झाले. निळे खांब वर वर चढत गेले. पालक बिचारे तोंडाकडं बघत राहिले. आपल्याच पोरांबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं, पण त्या खांबांत आपलं पोर नेमकं कुठं आहे हे कोणी सांगत नव्हतं.

मग हरकती. प्रीती उठली. तिनं सरळ सांगितलं, ठरावावरच्या आमच्या सह्या खोट्या आहेत, आमची कोणाचीच अशी सही नाही. मागून हो, हो असा आवाज झाला. साहेबांनी शांतपणे शाळेतून आणवून ठेवलेली मूळ वही समोर घेतली, ते पान उघडलं आणि तिला पुढं बोलावलं. बघा, म्हणाले, ही तुमचीच सही ना? प्रीती वाकली. मॅडमना तिची पाठ दिसत होती. कितीतरी वेळ ती वाकूनच राहिली, पानावरून बोट फिरवत. प्रीतीला सही करताना शेवटी एक टिंब द्यायची सवय होती, ते टिंबही तिथं होतं.

"सही माझीच आहे," ती हळूच म्हणाली.

कोणी जबरदस्ती केली होती का? नाही. मग खोटी सही, खोटी सही म्हणून लोकांना भडकवलं कोणी? पुढच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. जावई बोलले की आधी सही करायची आणि मग आरोप करायचे, हीच तर मानसिकता बदलायची आहे, म्हणून तर शिक्षण पाहिजे. भाऊंनी समजूतदारपणे मान हलवली. प्रीती वळली. तिचा चेहरा असा झाला होता, जशी आपल्याच हातानं आपली चोरी पकडली गेली. तिनं पुष्पलता मॅडमकडं पाहिलं. मदत करा म्हणून नव्हे, हे झालं तरी कसं म्हणून.

मॅडम उठल्या. रात्रभर त्यांनी मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

"या सह्या झाल्या तेव्हा पान कोरं होतं. सह्या मी घेतल्या. पान दुमडून घेतल्या, नऊ वर्षं अशाच घेतल्या. यातल्या कोणाले काही माहीत नव्हतं. वरचा मजकूर माझा नाही, समितीचाही नाही. हे लिहून घ्या."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी मॅडमना बसायची संधी दिली, अगदी दोनदा दिली. आपण भावनेच्या भरात बोलताय, याचे परिणाम काय होतात हे आपल्याला माहीत असेलच. मॅडम म्हणाल्या, माहीत आहेत, लिहून घ्या. मग मजकूर कोणी लिहिला असं तुमचं म्हणणं आहे? मॅडमनी पडद्याकडं पाहिलं. भूपेशचं बोट लॅपटॉपवर तसंच थांबलं होतं. त्याची मान वर येईल म्हणून त्या थांबल्या. नाव घ्यायला त्यांची काही हरकत नव्हती, पण या पोरानं स्वतः उठावं अशी त्यांची फार इच्छा होती. पाढा चुकला की तो लहानपणी आपणहून उभा राहायचा.

"अक्षर माझ्या विद्यार्थ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "तो इथं बसला आहे."

कोणी उठलं नाही. मग भूपेशनं पुढची स्लाइड लावली. 'धन्यवाद' असं लिहिलेलं होतं तिच्यावर, रंगीत फुग्यांसकट.

"भूपेश त्याचं नाव," मॅडम म्हणाल्या, आणि बसल्या.

नंतरचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. जावई वकिलाला फोन लावत बाहेर गेले, भाऊ पालकांच्या पाठीवर हात ठेवत हिंडले. संध्याकाळी ग्रुपवर दोन पीडीएफ पडल्या. एक, ठराव संशयास्पद असल्यानं समायोजनाला तूर्त स्थगिती, सोमवारी सर्व पालकांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत नवीन सभा घ्यावी. दुसरी, कोऱ्या कागदावर सह्या घेऊन शासनाची दिशाभूल केल्याबद्दल मुख्याध्यापिका निलंबित, चौकशी होईपर्यंत शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. या दुसऱ्या पत्राखालीही कोणीतरी जोडलेले हात टाकले होते. आणि ज्यानं लिहिलं, ज्यानं लिहवून घेतलं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली आहे. अहवाल येईल सावकाश. आपल्याकडं चोराला शोधायला समिती लागते, संन्याशाला सुळावर द्यायला तेवढी एक पीडीएफ पुरते.

सोमवारी अकराला सभा होती. मॅडम घरी बसू शकल्या नाहीत. पाऊल आवारात टाकायचं नव्हतं, म्हणून त्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. तिथून अंगण दिसत होतं. त्रेपन्न पालक आले होते. नऊ वर्षांत त्या शाळेत इतके पालक एकाच वेळी कधी बसले नव्हते. वरून आलेला अधिकारी ठराव सांगत होता, घाईत होता, सह्या करा म्हणत होता. आणि प्रीती वही हातात घेऊन एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अडखळत वाचत होती, जोडाक्षराशी थांबत होती, अधिकारी घड्याळ पाहत होता, आणि ती थांबायला तयार नव्हती. शाळा इथंच राहील, इमारत कोणाला देणार नाही, एवढा चार ओळींचा ठराव. तो वाचून संपायला, अर्थ विचारायला, एक शब्द खोडून दुसरा घालायला सव्वा तास गेला. मग सह्या झाल्या. तुळसाबाईंनी अंगठा देण्याआधी तो ठराव पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून घेतला.

ठराव वर गेला. वर त्याचं काय होईल ते वरचेच जाणोत, भाऊ काही मेले नाहीत आणि जावयाला अजून बावीस शाळा आहेत. पण त्या दिवशी शाळेची घंटा झाली.

माणसं बाहेर पडू लागली. कोणी मॅडमना नमस्कार केला, कोणी नजर चुकवून गेलं. प्रीती शेवटी आली, मेघाला वर्गात सोडून. तिचा आजचा रोज गेला होता, महिन्याचा बोनसही गेला होता. ती फाटकाशी थांबली.

"माझं चुकलं वं प्रीती," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तुले सांगायले पाहिजे होतं."

प्रीतीनं मान हलवली, हो म्हणून. तिला राग आलेला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"तुम्ही त्या दिवशी उठल्या, नोकरी घालवली, मले माहीत आहे जी. शाळा तुमच्यामुळंच राह्यली, तेपण मी सगळ्यांले सांगतलं. पण साहेबानं सही दाखवली तवा मी कशी मेली, ते तुम्हाले नाही समजणार." तिनं फाटकाची कडी ओढून लावली. "मी सातवी शिकली आहे मॅडम. मले वाचता येते. ते भाऊ दारावर येते तं मी त्याचा कागद दोनदा वाचते. कंपनीचा सुपरवायझर काही देते तं तोही वाचते. तुम्ही वाईट असत्या न, तं मी तुमचंही पान उलगडून पाह्यलं असतं."